सहा शाखांत एकच स्थळ

माधवनगर, सांगली
२ सप्टेंबर १९९९

ती. आकाराम मामांस,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला फोन केला असता, पण आपले मालक लालासाहेब टेलिफोनचं बिल हातात धरून माझ्याकडे बघतात, म्हणून हे पत्र. विषय गंभीर आहे, तेव्हा हसून घ्यायचं ते आधी हसून घ्या.

येत्या एक जानेवारीला आपल्या 'शुभयोग वधूवर सूचक केंद्रा'तल्या सगळ्या मुली जन्माआधीच्या होणार आहेत. जुन्या प्रोग्रॅमात सालाचे शेवटचे दोनच आकडे आहेत. सन दोन हजार उजाडलं की पंच्याहत्तर साली जन्मलेल्या मुलीचं वय काढताना यंत्र शून्यातून पंच्याहत्तर वजा करणार आणि कागदावर छापणार, 'वय: उणे पंच्याहत्तर'. असलं स्थळ कोण बघायला येणार?

नवा प्रोग्रॅम मी लिहिलाय. प्रश्न आहे तो सहा शाखांत पोचवायचा. लालासाहेबांचं म्हणणं, फ्लॉप्या पिशवीत घालायच्या आणि एसटीनं फिरायचं. मी म्हटलं, साहेब, सहाही यंत्रांवर मी लिनक्स चढवलंय, प्रत्येकाला मोडेम आहे, मी सांगलीत खुर्चीवर बसून फोनच्या तारेवरून सगळीकडे प्रोग्रॅम बसवते. ते सुपारी कातरत म्हणाले, "जमलं तर दसऱ्याला तुला कायम करतो. आन् न्हाई जमलं, तर मग गावोगाव फिरायला मोटारसायकलवाला पोरगा ठेवतो. पोरीला कुठं धाडू मी जतला उन्हात?"

आईला हे सांगितलं तर तिला माझी काळजी वाटायच्या जागी आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. लगेच तिनं सौदा घातला. दसऱ्याला नोकरी कायम झाली तर दोन वर्षं घरात माझ्या लग्नाचा शब्द निघणार नाही. नाही झाली तर ती दाखवेल त्या स्थळासमोर मी पोह्यांची बशी घेऊन बसायचं. मी हो म्हटलंय. मामा, मला ही नोकरी हवी आहे. लग्नाला माझा विरोध नाही, पण नोकरी गेली म्हणून लग्न, हे मला नको.

तुम्ही एक करा. तुमच्या सातारा शाखेचं यंत्र मी नमुन्याचं धरलंय. नवा प्रोग्रॅम आधी तुमच्याकडे येईल. तुम्ही खोटी नावं घालून तो आठवडाभर चालवून बघा. तुमच्याकडे तो नीट चालला की तिथून जसाच्या तसा उचलून बाकीच्या शाखांत बसवायचा. माझं यंत्र कोण हे प्रत्येक यंत्राला एकदाच ओळखवून ठेवणार आहे. म्हणजे दर वेळी पासवर्ड न मागता ते मला आत घेईल.

खानावळवाल्यानं पुन्हा शिळी भाकरी दिली का?

तुमची भाची,
दीक्षा


सातारा
७ सप्टेंबर १९९९

चि. दीक्षास,
मामाचे आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. हसून घेतलं. हसताना वरचा दात हलला, त्याचा खर्च लालासाहेबांकडून मागून घे.

तुझा प्लॅन एक नंबर आहे. फौजेत सिग्नलमध्ये आम्ही हेच करत होतो. एका ठिकाणी बसायचं आणि डोंगरापलीकडच्या माणसाला हलवायचं. फरक एवढाच की आमच्या वेळी डोंगरापलीकडचा माणूस झोपलेला असायचा. तुझ्या शाखांची गॅरंटी मी देत नाही.

ते पासवर्ड न मागता आत घ्यायचं मात्र मला पटलेलं नाही. आमच्या पोस्टवर एक संतरी होता, ओळखीच्या माणसाला कधी हटकायचा नाही. मग ओळखीचे लोक कोटाच्या खिशात काय काय घेऊन आत जायचे ते मी तुला लिहू शकत नाही, तुझी आई पत्र वाचते. पण तू इंजिनीयर, तू जाण.

नमुन्याचं यंत्र मी चालवतो. खोटी नावं तयार आहेत. माझ्या पलटणीतल्या सगळ्या हवालदारांना मी उपवर करणार आहे. वर्षानुवर्षं त्यांनी मला सलाम ठोकायला लावले, आता त्यांच्या मिशा, उंची आणि स्वभाव मी लिहिणार.

भाकरी शिळीच होती. तुझी मामी गेल्यापासून ताजी भाकरी फक्त रजेवर तुमच्याकडे आलो की मिळते. असो.

आकाराम मामा


माधवनगर
१२ सप्टेंबर

चिरंजीव आकारामास पारूअक्काचा जयभीम.

मी बोलते तशीच लिवते, हसू नगंस. ही चिठ्ठी दीक्षाच्या चोरून लिवतीया. तुजं उत्तर शेजारच्या धोंडुबाईच्या पत्त्यावर टाक, आमच्या घरी न्हाई.

पोरीनं सौदा केलाय तुला ठावं हाय. ती लय हुशार हाय, जिकंल बी. पर आकाराम, हरली तर? तवा स्थळ हुडकायला लागायचं म्हंजे घाई. घाईत गाठ पडली का जलमभर रडायचं. म्हून म्हनते, तू तिचं नाव तुज्या मशिनीत आत्ताच घालून ठेव. कुनाला दाऊ नगं, फकस्त ठेव. बगू तरी कसलं जोडीदार मिळत्यात.

मी गिरणीत तीस वर्सं उभी ऱ्हायले. तिचा बाप गेला तवा ती चौथीत व्हती. माज्या मागं ती येकटी पडंल ह्येच मला खातंय. दुसरं काय न्हाई. तिला सांगशील तर माजी आन हाय.

तुजी अक्का
पारूबाई


सातारा
१६ सप्टेंबर १९९९

सौ. धोंडुबाईंच्या मार्फत, अक्कास जयभीम.

काम झालं. नाव घातलं. फक्त माझ्या यंत्रात आहे, नमुन्याच्या यादीत, सगळ्यात वर. वर अशासाठी की खाली माझे हवालदार आहेत आणि त्यांच्या खाली आपली पोर बरी दिसली नसती. हे यंत्र साताऱ्याबाहेर कोणी बघत नाही. तू निश्चिंत राहा.

तू काही माहिती दिली नव्हतीस, म्हणून मीच भरली. खोटं मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. स्वयंपाकाच्या रकान्यात 'जेमतेम' लिहिलंय. रागावू नकोस. गेल्या दिवाळीत तिनं केलेली चकली मी खिशात घालून साताऱ्याला आणली आणि इथल्या कुत्र्यानं ती खेळायला वापरली.

ही तुझी आण मला आवडलेली नाही. पोर मला विश्वासानं लिहिते आणि मी तिच्या पाठीमागे असले उद्योग करतो. पण तू आण घातलीस, आता काय बोलणार.

तुझा
आकाराम


माधवनगर
१ ऑक्टोबर १९९९

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचे हवालदार मी इथून बघितले. हवालदार लालासाहेबांहून जाड आहे असं एका ठिकाणी लिहिलंय, तेवढं काढा. आपला मालक वाचील. यादी वरपासून उघडली नाही, 'हवालदार' शोधून तेवढेच बघितले, वेळच नव्हता, पण प्रोग्रॅम झकास चालतोय. शाब्बास.

कराड, इस्लामपूर आणि पाचगणी या तिन्ही यंत्रांना माझी ओळख पटली. जतची गोष्ट ऐका. माझं यंत्र सकाळी आठला जतला फोन लावतं. तिकडच्या मोडेमनं तो उचलायचा, आणि दोन्ही यंत्रं आपसात बोलायला लागायची. पाच दिवस झाले, जत काही बोलेना. शेवटी मी तिथली शाखा सांभाळणाऱ्या इलाहीभाईंना साधा फोन केला.

"इलाहीभाई, सकाळचा फोन तुम्ही उचलता का?"

"व्हय ताई. वाजला की उचलतो."

"उचलू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"आसं कसं? फोन वाजतोय आन् मानसानं उचलायचा न्हाई? कोन आडचनीत आसंल तर?"

"मग काय ऐकू येतं?"

"शिट्टी मारतंय कोनतरी. लय जोरात. म्या म्हनलं, बिचाऱ्याला मराठी येत नसंल, हद्दीवरचा आसंल. म्हून कन्नडात इचारलं, ऊटा आयितेनु? जेवला का म्हून. तरी शिट्टीच. म्या बी सोडला न्हाई, रोज इचारतोय."

माझं यंत्र पाच दिवस जेवलं की नाही याची चौकशी झाली आणि आपल्याला इथं कळलंसुद्धा नाही. आता त्यांच्या बायकोनं, चांदबीभाभींनी, तोडगा काढलाय. फोन टेबलाच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली भाभींकडे, नऊ वाजता मिळणार. कालपासून जत बोलतंय.

आता मुख्य बातमी. लालासाहेबांनी मुहूर्त काढलाय. दसऱ्याला, १९ तारखेला, सकाळी दहा वाजता सांगलीत नारळ फुटणार. ते स्वतः बटण दाबणार आणि सहाही शाखांत नवा प्रोग्रॅम पोचणार. मग प्रत्येक शाखेनं नव्या प्रोग्रॅमातलं पहिलं स्थळ छापून पहिल्या गिऱ्हाइकाला भवानी म्हणून फुकट द्यायचं. तिथून लगेच सांगलीला फोन करायचा. सांगली सोडून पाच फोन आले की मी कायम.

मी सगळं बसवून ठेवलंय. दहाला बटण, दहा मिनिटांत काम. काळजीसारखं काही नाही.

दीक्षा


सातारा
६ ऑक्टोबर १९९९

चि. दीक्षा,
आशीर्वाद.

काळजीसारखं काही नाही म्हणतेस. बाळ, तू यंत्रं सांभाळतेस, माणसं सांभाळत नाहीस. खंडेनवमीला काय असतं?

आमच्या पलटणीत नवमीला सगळी हत्यारं पुजायचे. पूजेला ठेवलेल्या बंदुकीला मग सुभेदारसुद्धा हात लावत नसे. तेच इथं होणार. नवमीला शाखाशाखांत यंत्र बंद करून त्याला हळदकुंकू, हार, आपट्याची पानं. कराडचा पोरगा तर गेल्या वर्षी फ्लॉपीच्या फटीत उदबत्ती खोचून बसला होता. दसऱ्याला साडेदहा अकराला पूजा उतरेल, मग चालू करतील. तू दहाला बटण दाबलंस की समोर कोण आहे? हार घातलेली पाच बंद यंत्रं.

आपल्या घरात त्या दिवशी धम्मचक्राचा दिवस म्हणून विहारात जायचं असतं, म्हणून तुझ्या ध्यानात आलं नसेल. पण शाखा सगळ्या जातीधर्मांच्या आहेत आणि हत्याराची पूजा सगळेच करतात. इलाहीसुद्धा करतो. त्याचा आजा शिकलगार होता, धार लावून द्यायचा. तो म्हणतो, "मामा, पोट ज्याच्यावर हाय त्येला एक दिस इसावा नगं का?"

तेव्हा फौजी पद्धतीनं चल. हल्ल्याची वेळ जाहीर केलेली असते, हल्ला आधीच झालेला असतो. शनिवारी, सोळा तारखेला, संध्याकाळी शाखा बंद व्हायच्या वेळेला सगळ्यांना सांग की यंत्र चालू ठेवून घरी जा. तेव्हाच गुपचूप सगळीकडे चढव. दसऱ्याला म्हाताऱ्याला बटण दाबू दे, त्याला काय कळतंय.

आकाराम मामा


माधवनगर
२० ऑक्टोबर १९९९

मामा,

सप्रेम वगैरे आज नाही. फक्त जयभीम.

झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे तुम्हाला लाज वाटायला पुरेसा वेळ मिळेल. तुमचं ऐकून मी शनिवारी संध्याकाळी बसले. जतला वीज जाणार म्हणून इलाहीभाईंचा निरोप आला होता, तेव्हा हात चालवायला हवा होता. फक्त प्रोग्रॅम उचलायचा, नावांचा फोल्डर मागे ठेवायचा, असं मी माझ्याशी ठरवलं होतं. घाईत सातारचं होतं नव्हतं ते सगळं उचललं आणि पाच गावी पाठवलं. नावांसकट. तुमची नमुन्याची यादी प्रत्येक शाखेच्या यादीच्या डोक्यावर जाऊन बसली. मला वाटलं, सगळं सुरळीत झालं. मी घरी येऊन आईला म्हटलं, दसऱ्याला श्रीखंड कर.

दसऱ्याला दहा वाजता नारळ फुटला. लालासाहेबांसाठी मी एक गंमत लिहून ठेवली होती. त्यांनी बटण दाबलं की एकेका शाखेचं नाव पडद्यावर येतं आणि यंत्र टुंग करतं. काम आधीच झालेलं, हा नुसता टुंगटुंग. ते इतके खूश झाले की आणखी दोनदा दाबलं. मग म्हणाले, "आता भवानी काढ."

मी छापायला दिलं. अक्षरं इंग्रजी, मजकूर मराठी, त्यामुळे लालासाहेब एकेक शब्द बोटानं दाबत वाचतात. समोर पंचवीस माणसं. "व... य... चोवीस." टाळ्या, कारण वय उणे नव्हतं. "शिक्षण, डिप्लोमा कॉम्प्युटर." मी म्हटलं, अरे वा, आपल्यातलीच दिसते. "उंची पाच फूट एक." माझीच उंची. "स्वयंपाक... जे... म... ते... म." सगळे हसले. "स्वभाव, बाहेरून फणस." आणि मग, "अपेक्षा: मुलगी नोकरी सोडणार नाही. ती यंत्राशी बोलत असताना मधे बोललेलं चालणार नाही." आणि मग नाव. माझं.

मला जमीन पोटात घेईना, मामा. मी पंख्याकडे बघत उभी राहिले.

शाखाशाखांतली पूजा उतरली तसे फोन सुरू झाले. कराड: "साहेब, भवानीला लय झकास स्थळ निघालं, पोरगी तुमच्याच हापिसातली हाय." इस्लामपूर: तेच. पाचगणी: "ही फणसवाली कोण?" जतहून इलाहीभाई तर मोठमोठ्यानं, "ताई, मुबारक हो!" सातारहून तुमचाही फोन आला, आणि मामा, तुमचा आवाज मी ओळखते, तुम्ही घाबरला होता.

पाचही फोन झाले. लालासाहेब चष्मा काढून माझ्याकडे आले. मी म्हटलं, संपलं. ते म्हणाले, "सहाही ठिकाणी हेच निघालं?" मी मान हलवली. "म्हंजे खरंच एका बटनात गेलं?" मी परत मान हलवली. मग ते लोकांकडे वळले. "बघा. दुसऱ्याचं नाव घातलं असतं तर मी म्हणलो असतो, हातचलाखी हाय. पोरीनं सोताचं नाव डावाला लावून दावलं. असली छाती मोटारसायकलवाल्या पोराकडं असती काय?" आणि तिथल्या तिथं मला कायम केलं.

खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर शनिवारचं गुपित बाहेर पडलं असतं. मी गप्प बसले आणि नोकरी घेतली.

संध्याकाळी विहारातून आल्यावर आईला कागद दाखवला. तिनं वाचला, आणि पहिला शब्द काय बोलली? "जेमतेम?" दुसरा शब्द बोलली, "आकाराम!", तेव्हा मला सगळा कट कळला. ती रडलीसुद्धा. म्हणाली, माझ्या मागं तू एकटी पडशील म्हणून केलं. मीही रडले. मग आम्ही दोघींनी श्रीखंड संपवलं. तुमच्यासाठी ठेवलेलं नाही.

उत्तर द्या.

दीक्षा


सातारा
२४ ऑक्टोबर १९९९

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद. कायम झाल्याबद्दल अभिनंदन. पेढे मीच आणून मीच खाल्ले.

मी चुकलो. तुझ्या आईची आण होती, तरी तुला इशारा करायला हवा होता. पण एक गोष्ट फौजी कोर्टातसुद्धा मान्य होईल. मी तुझं नाव एका यंत्रात घातलं होतं. सहा यंत्रांत तू घातलंस.

इथं त्या कागदाला चांगलीच मागणी आहे. माझ्या काउंटरवर तिघे येऊन गेले. एकानं विचारलं, मुलगी यंत्राशी किती वेळ बोलते? मी म्हटलं, दिवसभर. तो म्हणाला, मग मला चालेल, मी फिरतीवर असतो.

राग गेला असेल तर कळव.

आकाराम मामा


माधवनगर
२९ ऑक्टोबर

चिरंजीव आकारामास,

आरं, काय करून ठेवलंस. माज्या दारात रांग हाय. काल जतवरनं एक मेंढरंवालं आलं, धोंडीबा नावाचं. खांद्यावर घोंगडं, हातात तुमचा भवानीचा कागूद. चांगला शिस्तीत बसला. म्हनला, "आवं ताई, आमी जातपात बघत न्हाई. पोरगा माजा ट्रक चालवतुया. आमच्यात एकच बघत्यात. पान्याचा टँकर आला का पोरगी रांगंत दम धरून हुबी ऱ्हाईल का?"

मी म्हनलं, दादा, तिला फोनच्या तारंवर कळशी भरून धाडायला सांगा, तवा धाडील. त्यो लय हसला. माणूस सोन्यावानी, आकाराम. मन झालं व्हय म्हनायचं.

पर मी पोरीला शबुद दिलाय. ती जिकली. गिरणीत मुकादमाला शबुद दिला तर मोडला न्हाई, पोरीचा कसा मोडू? म्या त्याला च्या पाजला आन् म्हनलं, दोन वर्सांनी या. त्यो गेला. आन् खरं सांगू, दार लावून घेतलं तवा मला हलकं वाटलं. ती सकाळी पिशवी घेऊन हापिसात जाती तवा कशी जाती ठावं हाय का तुला? मान वर करून. मी गिरणीत कवा तशी गेले न्हाई.

आता झालंय आसं, पोरीचा विषय दोन वर्सं बंद. माजं हात तर मोकळं बसंनात. स्थळं बगायची लय गोडी लागली मला. तवा दीक्षाला म्हनलं, आपल्या घरात आजून कोन रिकामं हाय का बग.

पारूअक्का


माधवनगर
२ नोव्हेंबर १९९९

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. सप्रेम परत आलंय, बघा.

माझं नाव काल सहाही यंत्रांतून काढलं. सांगलीतून, एका दमात, लालासाहेबांसमोर. या वेळी खरोखर बटणावर झालं आणि त्यांना फरकही कळला नाही.

पण नावांची यादी पहिल्या जागी मोकळी ठेवली तर प्रोग्रॅम अडखळतो. तिथं कोणीतरी लागतं. हवालदार टाकावेत तर ते खोटे. म्हणून मी आणि आईनं बसून एक खरं स्थळ भरलं. खोटं आम्हीही लिहीत नाही.

'वय बावन्न. फौजेतून निवृत्त, पेन्शन चालू. सातारा येथे दोन खोल्या. विधुर. उंची पाच फूट सात. स्वभाव तोंडाळ, मनानं चांगला. भाकरी खानावळीची. दात एक हलता. अपेक्षा: समोरच्या ताटावर कोणीतरी जेवायला असावं.'

शेवटची ओळ आईची आहे. मामा, थट्टा बाजूला ठेवून सांगते. तुम्ही प्रत्येक पत्रात शिळ्या भाकरीवर विनोद करता आणि आम्ही दोघी हसतो, पण मग आम्हाला आमची गरम भाकरी गोड लागत नाही. मामी जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही एकटे जेवता हे मला मुळीच आवडत नाही.

आज सकाळी साडेआठला सहाही शाखांत पोचलं. जतलाही.

दीक्षा


(पोस्टकार्ड)
सातारा, ६ नोव्हेंबर

दीक्षा, ताबडतोब काढ. इलाहीनं सगळ्या जतला वाचून दाखवलंय. माझ्याच काउंटरवर माझ्याच हातून माझाच कागद छापून एका बाईनं नेला आणि वर विचारलं, दात कोणता? इज्जतीचा प्रश्न आहे. आकाराम.


(पोस्टकार्ड)
माधवनगर, ११ नोव्हेंबर

ती. मामांस जयभीम. दिवाळीमुळे उशीर झाला. काढायला काहीच अडचण नाही, पाच मिनिटांचं काम. फक्त साहेबांच्या नियमाप्रमाणे ज्याचं नाव त्याचं लेखी पत्र लागतं. कोणत्या शाखांतून काढायचं ते नावांसह लिहून पाठवा. दीक्षा.


सातारा
२८ नोव्हेंबर १९९९

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

अर्ज लिहायला उशीर झाला, कारण मी कामात होतो. पाचगणीच्या शाखेतलं यंत्र बिघडल्याची तक्रार होती. मी जाऊन बघितलं, ठीक चाललं होतं. पण असली तक्रार एका भेटीत समजत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. थंडी फार आहे तिकडे.

तिथल्या एका निवासी शाळेत मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था बघणाऱ्या बाई आहेत, रंगूबाई नावाच्या. त्यांच्या हाती तो कागद कसा पडला मी विचारलं नाही. त्यांचं पत्र मात्र मला आलं. लिहितात, 'उंचीत दोन इंच जास्त लिहिलेत का? फौजी लोक लिहितात.' असली भाषा कोणी एकदम वापरतं का? मी समोर जाऊन उभा राहिलो, मोजून घ्या म्हटलं. त्यांनी खरोखरच वसतिगृहातली टेप आणली. पाच फूट सातच निघाली. मग चहा झाला. मग त्या म्हणाल्या, इथं शंभर पोरं जेवतात, त्यांच्या गोंगाटात माझं ताट रोज गार होतं, कोणी गप्प बसणारं समोर असेल तर बरं. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसायला जड गेलं नाही. हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती गाडी करून येईल.

तर हा माझा लेखी अर्ज. आकाराम, राहणार सातारा, विनंती करतो की माझं नाव सांगलीतून काढावं. सातारा, कराड आणि इस्लामपूर इथूनही काढावं. जतहून तर आजच काढावं, कारण इलाही रोज फोन करून जेवलात का विचारतो.

पाचगणीचं यंत्र तूर्त तुझ्या तारेला लागत नाही असं समज.

आकाराम मामा